छत्तीस वर्षांचा मुसाफिर

मत्राहच्या बंदरामागच्या चढावर, मासळीबाजारापासून तिसऱ्या गल्लीत, सुलैयम बिन हम्दान छत्तीस वर्षं पाहुणा म्हणून राहिला. घर स्वतःचं, नळ स्वतःचा, विजेचं बिल स्वतःच्या नावावर. चार मुलं त्याच घरात जन्मली आणि चौघांची लग्नंही तिथूनच झाली. पण नमाजेला उभा राहिला की हा माणूस मुसाफिर! दुपारच्या चार रकातींच्या, म्हणजे नमाजेच्या चार आवर्तनांच्या, दोन, तिसऱ्या प्रहरच्या चारांच्या दोन, रात्रीच्या चारांच्याही दोनच. मान उजवीकडं-डावीकडं वळवून सलाम फिरवायचा, चटई गुंडाळायची, संपलं. अबू बदर, म्हणजे बदरचा बाप, या नावानं त्याला सगळे ओळखायचे, आणि अबू बदर प्रवासात आहेत हे गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. निघालेत कुठं, ते मात्र कुणाला दिसत नव्हतं.

त्याचं काही चुकत होतं असं समजू नका. प्रवाशाला अल्लाहनं सवलत दिली आहे, चारांच्या दोन कर म्हणून. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. घोडं अडतं ते पुढं. मुसाफिर म्हणायचं कुणाला, आणि कुठवर? सुलैयमची माणसं डोंगराकडची, इबादी पंथाची. त्यांचं म्हणणं असं की गाव सोडून बारा किलोमीटर गेलास की तू मुसाफिर, आणि नव्या जागेला जोवर मनापासून ‘हे माझं वतन’ म्हणत नाहीस तोवर मुसाफिरच. मग तिथं दाढी पांढरी होईना का. किनाऱ्याकडचे शाफई म्हणतात, चार दिवसांहून जास्त मुक्काम ठरवलास की तुझा प्रवास संपला, मुकाट्यानं चार कर. दोन्हीकडे मोठमोठे आलिम आणि दोन्हीकडे जाडजूड किताबा. एकमेकांच्या मागं नमाज पढतात, एकमेकांच्या लेकी करतात आणि या एका शब्दावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. मला विचाराल तर अशी भांडणं असावीत. वाईट भांडणांना मग वेळ उरत नाही.

आमच्या गल्लीत हे भांडण चालवायचं काम दर्विशकडं होतं. दर्विश म्हणजे सुलैयमचा मेव्हणा, मासेमारीची जाळी विकणारा, शाफई, आणि जिभेला हाड नसलेला. त्याचं घर तीन गल्ल्या पलीकडं. सुलैयम दिसला की तो दुकानातूनच ओरडायचा, “अरे मुसाफिरा! एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कुठं? तुझे तर तेरा हजार दिवस झाले!”

“तुझ्या ताटातलं खातोय का मी?” सुलैयम म्हणायचा. “तुझी किताब तुझ्यापाशी, माझी माझ्यापाशी.”

“किताब राहू दे. निघणार कधी ते सांग, वाटेसाठी भाकरी बांधून देतो.”

आणि गंमत अशी की हाच दर्विश घरी नमाजेची वेळ झाली की सुलैयमला हाताला धरून पुढं उभा करायचा. वयानं मोठा आहे, कुराण चांगलं म्हणतो, इमाम त्यानंच व्हायचं. सुलैयम दोन रकातींवर सलाम फिरवायचा आणि मागं वळून, रिवाजाप्रमाणे, म्हणायचा, “तुमची नमाज पूर्ण करा, आम्ही प्रवासी आहोत.” दर्विश आणि त्याची मुलं उठून उरलेल्या दोन पुऱ्या करायची. सुलैयम आणि त्याची बायको झुवैना बसून राहायची, फलाटावर गाडी सुटलेल्या माणसांसारखी.

सुलैयम मूळचा हैलचा. इझकीच्या पुढं डोंगरात ते गाव आहे. त्याचा बाप हम्दान फलजचा राखणदार होता. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून खोदून आणलेला पाट. अंगणात रोवलेल्या काठीची सावली बघून हम्दान कुणाच्या बागेला किती वेळ पाणी ते ठरवायचा, आणि त्यानं दिलेल्या पाळीवरून गावात कधी तंटा झाला नाही. शहात्तर साली, चोवीस वर्षांचा सुलैयम नोकरीसाठी मत्राहला निघाला तेव्हा बाप त्याला खजुरांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला आला.

“जा,” बाप म्हणाला. “पण तिथं वतन करू नकोस. तू दोन रकाती करतोयस तोवर मी समजेन की पोरगं वाटेत आहे, घरी यायचंय.”

सुलैयमनं शब्द दिला. डोंगरातल्या माणसाचा शब्द म्हणजे काय, ते किनाऱ्याच्या माणसाला कळायला एक जन्म लागतो.

मत्राहला येऊन तो चालवू काय लागला, तर पाण्याचा टँकर! चढावरच्या घरांना तेव्हा नळ नव्हते. निळा टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा करायचा, पाइप खांद्यावर टाकायचा आणि गच्चीवरच्या टाक्या भरायच्या. बाप पाळ्या लावायचा तसा हाही लावायचा. म्हातारी आधी, बाळंतीण त्याहून आधी, श्रीमंताची टाकी सर्वांत शेवटी. दुपारी टँकरच्या सावलीत चटई टाकून दोन रकाती करायचा आणि मनात म्हणायचा, बाबा, वाटेतच आहे. सलाम फिरवताना रोज त्याला बापाचा चेहरा दिसायचा. बाप वारला त्या वर्षी ओढ्याला पूर येऊन रस्ता बंद होता, आणि सुलैयम गावी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. त्यानंतर तर त्या दोन रकाती त्याला बापाइतक्याच जवळच्या झाल्या.

टाकी भरता भरता एका घरात त्याला झुवैना दिसली. दर्विशची धाकटी बहीण, अस्सल मत्राहची. लग्न ठरलं, झालं. नवऱ्याच्या घरात त्याची चाल धरावी म्हणून तीही त्याच्यासारखी नमाज करू लागली. आता आमच्याकडं बाईचं वतन नवऱ्याच्या मागोमाग जातं. लग्नाच्या करारात ‘मुलीचं वतन मत्राहच राहील’ अशी एक ओळ घालता येते, हुशार बाप ती विसरत नाहीत. झुवैनाच्या बापाचं सगळं लक्ष हलव्याच्या ताटांकडं होतं. कबूल म्हणून झालं, आणि जिथं ती रांगायला शिकली त्या गल्लीत झुवैना प्रवासी झाली. आणि जिथं तिनं एकही रात्र काढली नव्हती ते हैल तिचं वतन!

पहिली काही वर्षं तिला ते हसण्यावारी नेता आलं. मोठा मुलगा बदर अठरा वर्षांचा झाला तेव्हा एके रात्री बापानं सलाम फिरवल्यावर तो बसून न राहता उठला आणि तिसरी रकात सुरू केली. “माझं वतन मत्राह,” नमाज संपल्यावर तो एवढंच म्हणाला. मुलगा वयात आला की त्याला तो हक्क आहे. पण झुवैना त्या दिवशी पहिल्यांदा उभ्या मुलाकडं खालून बघत बसली होती, आणि ते तिच्या मनातून गेलं नाही.

मध्ये एका काझींनी तोडगाही सुचवला. “दोन वतनं करता येतात, अबू बदर. हैलही ठेव, मत्राहही घे.”

“एका म्यानात दोन तलवारी?” सुलैयम म्हणाला. “मी दोन बायका केल्या नाहीत, दोन वतनं कसली करू?”

झुवैनाला यातली पहिली गोष्ट आवडली, दुसरी नाही.

खरी ठिणगी पडली ती लिंबाच्या झाडावरून. सुलैयम नोकरीतून मोकळा झाला होता. मुलं आपापल्या घरी. घरामागं चार खाटा मावतील एवढं परस होतं, आणि त्यात छत्तीस वर्षांत एक झाड नव्हतं. होते ते दुधाच्या पावडरीचे डबे; त्यात मोगरा, त्यात सब्जा, त्यातच एक खुरटलेली मेंदी.

“अबू बदर,” एका सकाळी झुवैना म्हणाली, “परसात लिंबू लावूया.”

“डब्यात लाव.”

“डब्यात लिंबू होतं का? मुळं काय आभाळात जातील?”

“प्रवाशानं जमिनीत झाड लावू नये, उम्म बदर. फळ धरेपर्यंत आपण इथं असू, नसू.”

“मग कुठं असू?” झुवैनानं हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. “सांगा ना, कुठं निघालोय आपण? लग्न झाल्यापासून बोचकं बांधून बसलेय मी. फलज आटला. तुमचे भाऊ गेले त्याला दीड वर्ष झालं. हैलचं घर पडलं. तिथं कोण ताट वाढून आपली वाट बघतंय?”

“घर पडलेलं नाही. भिंत कललीय.”

“भिंत कललीय म्हणे! भिंत कललीय, छप्पर बसलंय आणि दरवाजा निजलाय!”

सुलैयमला हसू आलं, पण त्यानं ते दाढीत लपवलं. तिथंच चुकलं.

“हसा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “माझी आई त्या टेकडीखालच्या मातीत आहे. मी जन्मले ते दार या गच्चीवरून दिसतं. दर्विश म्हणतो तशा मी उद्यापासून चार करू शकते, मला कुणी अडवणार नाही. पण मला एकटीला करायच्या नाहीत हो. तुमच्या मागं उभं राहून करायच्यात. एकदा तरी.”

सुलैयमनं यावर काही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, “मी बाबांना शब्द दिलाय.”

“आणि मला?”

दुपारपर्यंत तिनं पेटी भरली. “प्रवाशाला काय, हे घर काय नि ते घर काय,” असं म्हणून ती तीन गल्ल्या पलीकडं, भावाकडं जाऊन राहिली.

चार दिवस सुलैयमनं बाजारची पातळ रोटी आणि सुकी मुशी खाल्ली. चौथ्या दिवशी दर्विशनं दुकानातून हाक मारली नाही, नुसतं बघितलं. ते त्याला जास्त लागलं. मग त्यानं ठरवलं. हैलला जायचं, गवंडी बघायचा, घर उभं करायचं आणि झुवैनाला तिथं घेऊन यायचं. प्रवास संपवायचाच ना, मग घरी जाऊनच संपवू. बापाचा शब्दही राहील आणि बायकोचाही. विचार चांगला होता. घरी बसून केलेले विचार चांगलेच असतात.

हैलला तो दुपार टळल्यावर पोचला. माणसं आता खाली डांबरी रस्त्याकडं राहायला आली होती; गावाची बैठकही तिथंच, नवी, गार हवेचं यंत्र बसवलेली. दारात पुतण्या हुमैद भेटला. गेल्या साली बाप गेल्यापासून बैठकीचं बघणं त्याच्याकडं आलं होतं.

“काका! या, या!” त्यानं तिकडच्या रिवाजानं नाकाला नाक लावलं, हाताला धरून आत नेलं आणि थेट वरच्या अंगाला, भिंतीच्या मधोमध बसवलं. सगळे उठून उभे राहिले. मग सगळे बसले आणि वडीलधाऱ्यानं रीतीप्रमाणे विचारलं, “काय बातमी? काय खबर?”

“काही नाही, सगळं खैर,” सुलैयम रीतीप्रमाणे म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की हा प्रश्न बाहेरून आलेल्याला विचारतात.

खजूर आले. हुमैद कॉफीची किटली घेऊन उठला. भाऊ होता तोवर बैठकीत कॉफी ओतायचं काम सुलैयमचं असायचं. ईदला आला की तो टोपी सारखी करून उभाच राहायचा. डाव्या हातात किटली, उजव्यात पेले, आणि आलेल्या-गेलेल्याला ओतत फिरायचा. घरचा माणूस उभा, पाहुणा बसलेला, हा साधा हिशोब. त्यानं सवयीनं उठून हात पुढं केला. “आण इकडं.”

“छे छे, काका!” हुमैदनं किटली मागं घेतली. त्याच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. “बसा तुम्ही. पाहुण्याला कुणी उभं करतं का?”

सगळे हसले, चांगलं हसले. पहिला पेला सुलैयमला दिला गेला. पाहुणा पेला हलवून पुरे म्हणतो. सुलैयमला ते सुचेना, कारण या बैठकीत त्यानं आयुष्यात पेला हलवला नव्हता. हुमैद ओतत राहिला. दुसरा, तिसरा, पाचवा. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं हळूच त्याच्या मनगटाला हात लावून पेला हलवला. राग करावा असं कुणी काही केलं नव्हतं. म्हणूनच ते गळ्यातून उतरेना.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत, नव्या गादीवर, तो तळमळत निजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर जुन्या गावात गेला. झुवैना खोटं बोलली नव्हती; छप्पर बसलं होतं, दरवाजा निजला होता. गवंड्याला काय दाखवायचं तेच कळेना. फलजच्या कोरड्या पाटात वाळकी पानं साचली होती. दुपारपर्यंत तो बापाच्या कबरीपाशी बसला. मग पाटाकाठच्या जुन्या, रिकाम्या मशिदीत गेला. बरोबर आणलेल्या पाण्यानं हातपाय धुतले आणि एकटाच नमाजेला उभा राहिला. हे वतन. इथं चार. पूर्वी इथं तो नेहमी इमामाच्या मागं उभा राहिलेला, मोजायचं काम इमामाचं. आज तो एकटा होता.

दोन रकाती झाल्या, तो बसला, आणि मान उजवीकडं वळली, डावीकडं वळली. सलाम फिरवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

स्वतःच्या गावात, बापाच्या मशिदीत, सुलैयमनं प्रवाशाची नमाज केली होती. तोंडानं तो छत्तीस वर्षं हैलला वतन म्हणत आला, पण मानेला आणि गुडघ्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो रडला. साठ वर्षांचा माणूस, मोकळ्या गळ्यानं रडला. ऐकायला तिथं कुणीच नव्हतं, तेही एक रडण्यासारखंच होतं. डोळे पुसून त्यानं पहिल्यापासून चारही रकाती नीट केल्या, प्रत्येक मनात मोजून.

निघताना तो पुन्हा कबरीपाशी थांबला. “बाबा,” तो म्हणाला, “मी शब्द मोडला नाही. मी वाटेतच राहिलो. पण पाणीच निघून गेलं हो. आता पाळी कुणाची लावायची ते तुम्हीच सांगा.” बाप पाळी कशी लावायचा ते त्याला ठाऊक होतं. ज्याची बाग सर्वांत जास्त वेळ तहानलेली, त्याची आधी.

खाली हुमैदनं गाडीत खजुराची टोपली आणि वाळक्या लिंबांची पिशवी ठेवली, आणि वर आपल्या बोअरवेलच्या मळ्यातलं लिंबाचं रोप, डब्यात लावलेलं. “पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, काका.”

“बरोबर आहे,” सुलैयम म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी तो रोप हातात घेऊन थेट दर्विशच्या दारात उभा राहिला. दार झुवैनानंच उघडलं. तिनं आधी त्याचा चेहरा बघितला, मग रोप.

“हुमैदनं दिलंय,” तो म्हणाला.

“बरं. डबाही त्यानंच दिलेला दिसतोय,” ती म्हणाली आणि आत गेली.

आतून दर्विश ओरडला, “आला का प्रवासी? वेळेवर आलास. नमाज व्हायचीय. हातपाय धू आणि पुढं हो!”

अंगणातल्या नळावर सुलैयमनं तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले. पाणी गार होतं. हे पाणी कधीकाळी त्यानंच खांद्यावरच्या पाइपानं या गच्चीवर चढवलं होतं. नळ बंद करता करता त्यानं मनाशी नियत केली. कुणाला बोलून दाखवायची ती गोष्ट नव्हे. आमच्या किताबात वतन मनानंच करतात.

तो पुढं उभा राहिला. मागं दर्विश आणि त्याचे दोन मुलगे, त्यांच्यामागं झुवैना आणि तिची भावजय. पहिली रकात झाली. दुसरी झाली. तो बसला, आणि त्याला खरंच भीती वाटली. नियत कालची नव्हती, आताची होती. सवय छत्तीस वर्षांची. मान पुन्हा आपसूक वळली तर? बसून म्हणायची प्रार्थना संपत आली. मागं कपड्यांची सळसळ झाली. दर्विशचे मुलगे उठायच्या तयारीत होते, बापाचा मेव्हणा आता सलाम फिरवणार आणि ‘आम्ही प्रवासी’ म्हणणार. सुलैयमची मान उजवीकडं किंचित हलली. त्यानं ती तिथंच धरली.

“अल्लाहु अकबर,” तो म्हणाला, आणि हात टेकून तिसऱ्या रकातीला उठला.

मागं क्षणभर कुणीच हललं नाही. मग दर्विशचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि तो उठला, मुलगे उठले, भावजय उठली. सुलैयम कान मागं लावून उभा होता. नमाजेत असं करू नये, त्यानं केलं. झुवैनाचा आवाज येत नव्हता. मग तिच्या बांगड्या वाजल्या, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांची कटकन हाडं वाजली, आणि तीही उभी राहिली.

सलाम फिरवल्यावर त्यानं मागं वळून काहीच म्हटलं नाही. म्हणण्यासारखं उरलंच नव्हतं. दर्विशच्या जिभेलाही पहिल्यांदाच हाड फुटलं असावं. तो नुसता दाढी कुरवाळत जमिनीकडं बघत बसला. झुवैनानं डोळ्यांवरून ओढणीचं टोक फिरवलं, चटईची घडी घातली, आणि भावाला विचारलं,

“दर्विश, तुझ्याकडं कुदळ आहे का रे?”